दुसऱ्या मजल्यावरची ओली गोधडी

फोन वाजला तेव्हा कस्तुराबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

“मावशी, आत्ताच्या आत्ता खाली या.” खालच्या मजल्यावरची तनुजा बोलत होती. आवाज दबलेला होता, पण रडका. “अजिंक्यने ठमीला खोक्यात भरलंय. दोन वाजता गावाला निघतोय आणि वाटेत चाकणला, कंपन्यांच्या मागच्या रस्त्यावर, सोडून देणार म्हणतोय.”

“मग सोडू दे की,” कस्तुराबाई म्हणाल्या. “दोन महिने तुमच्या मांजरीचा वास आम्ही फुकट घेतोय.”

“मावशी, तिने जन्मात जमिनीला पाय लावलेला नाही हो. ट्रकखाली तरी जाईल, नाहीतर कुत्री फाडतील. एक दिवस टिकायची नाही ती.”

कस्तुराबाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. त्यांना मांजरं आवडत नसत. खरं तर किळसच येई. पण जिवंत जनावर खोक्यात भरून कुत्र्यांपुढे टाकायचं, याची किळस जास्त आली. मेथी तशीच टाकून त्या उठल्या.

तनुजाने त्यांनाच का बोलवावं, याला कारण होतं. महापालिकेच्या दवाखान्यात, लॅबमध्ये, कस्तुराबाईंनी मदतनीस म्हणून एकोणतीस वर्षं काढली होती. काढली म्हणजे काय, तर लोकांच्या लघवीच्या बाटल्या गोळा केल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि संध्याकाळी त्या ओतून धुतल्या. कुठली बाटली सकाळची आणि कुठली कालपासून कोपऱ्यात पडून राहिलेली, हे त्यांना चिठ्ठी न वाचता कळायचं. रिटायर झाल्या त्या दिवशी घरी येऊन त्यांनी दोनदा डोक्यावरून आंघोळ केली आणि ठरवलं, आता या वासाशी आपला संबंध संपला.

रहाटणीच्या या सोसायटीत मात्र त्यांच्या नाकाला आराम नव्हता. गेल्या वर्षी पाण्याला वास यायला लागला तेव्हा कमिटी टँकरवाल्याशी भांडत बसली होती. कस्तुराबाईंनी बादलीजवळ एकदाच नाक नेलं आणि सांगितलं, टाकीत कबुतर मेलंय, चार दिवस झाले. टाकी उघडली, तर कबुतर निघालं. तेव्हापासून जिन्यात काही वास आला की लोक आधी त्यांचं दार वाजवत.

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी दारातच पदर नाकाला लावला.

तो वास सांगण्यासारखा नव्हता. मांजरीच्या मुताचा उग्र दर्प, त्यावर दोन महिन्यांचं फिनेल, फिनेलवर लॅव्हेंडरचा फवारा, आणि या सगळ्याच्या वर कुणीतरी नुकतीच लावलेली उदबत्ती. एकेकटं कुठलंही सहन झालं असतं. चारही मिळून घशात उतरत होतं. कस्तुराबाईंना सकाळचे पोहे आठवले आणि आठवले म्हणून पश्चात्ताप झाला.

जेवणाच्या टेबलावर एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्याला कंपनीतली निळी चिकटपट्टी चारी बाजूंनी गुंडाळलेली, आणि वर पेनाने पाडलेली सहा भोकं. एका भोकातून गुलाबी नाकाचा शेंडा दिसत होता. आवाज मात्र काहीच नव्हता.

“या मावशी, तुम्हीच बघा,” अजिंक्य म्हणाला. तनुजाचा नवरा, छत्तिशीचा, नीटनेटका माणूस. चाकणच्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात होता. गाडीचे सुटे भाग ठीक आहेत की नाहीत ते बघायचं, नसतील तर का नाहीत ते शोधायचं, हे त्याचं काम. आज गुरुवार, कंपनीची सुट्टी. तनुजानेही ऑफिसला रजा टाकली होती. “तुम्हाला वरती वास येतो, मला माहितीये. मला लाज वाटते. पण आता प्रश्नच मिटवतो.”

“मिटव,” कस्तुराबाई म्हणाल्या. “त्याआधी मला दाखव काय झालंय. दोनला वेळ आहे ना?”

“काय झालंय ते ढळढळीत आहे, मावशी.”

“मग दाखवायला काय हरकत?”

अजिंक्यने मान हलवली आणि दिवाणाकडे बोट केलं. दिवाणाच्या मागे, भिंतीच्या फटीत, त्याच्या आईची गोधडी घडी करून ठेवलेली होती. कस्तुराबाईंनी पदर तोंडात धरला आणि वाकल्या. गोधडीची वरची घडी मध्यभागी ओली होती. कडा मात्र वाळून पिवळ्या आणि चिकट झाल्या होत्या. त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा मध्ये दाबला, उचलला, नाकापासून वीतभर लांब धरला आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं.

“शी!” त्या म्हणाल्या. “हे कधीचं?”

“आत्ताचं. अकरा वाजता सापडलं.”

कस्तुराबाई सरळ झाल्या. तो कागद त्यांनी पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवला, साबणाने तीनदा हात धुतले आणि मगच खुर्चीवर बसल्या.

“कुणाला सापडलं?”

“मला,” स्वयंपाकघराच्या दारातून विमलबाई म्हणाली. ती या घरची केर-फरशी करायची. “मी साडेदहाला येते. दिवाण सरकवून झाडू घातला की मग कळतं. तोवर कुणाला कळणार, घरभर असाच घमघमाट! मला तर बाई घरी गेल्यावर जेवण जात नाही.”

“आजवर किती वेळा झालं असं?”

“सतरा वेळा,” अजिंक्य म्हणाला. “माझ्याकडे नोंद आहे.”

आणि खरंच नोंद होती. फ्रिजवर लोहचुंबकाने एक तक्ता लावला होता, पट्टीने रेघा मारलेला. तारीख, वेळ, जागा, त्या वेळी घरात कोण. कस्तुराबाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. जागा वाचताना त्यांनी पदर पुन्हा नाकाला लावला. चपलांचा कप्पा. इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी. पडद्याची झालर. कांद्याची टोपली.

“कांद्यांचं काय केलंत?” त्यांनी विचारलं.

“टाकले,” तनुजा घाईने म्हणाली.

“ही वेळ कसली लिहिलीय?”

“वेळ म्हणजे वेळ, मावशी. बघा ना, सगळं साडेदहा ते अकराच्या मधे.”

“आणि हे दोनदा संध्याकाळी साडेसहा?”

“त्या दोन दिवशी तिने संध्याकाळी केलं असेल.”

“त्या दोन दिवशी मी रजेवर होते,” विमलबाई आतून म्हणाली. “भावाकडे देहूला गेले होते. ताईंनीच संध्याकाळी झाडलं.”

कस्तुराबाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि मोजल्यासारखं केलं. “एक आठवडा भरलेला, एक आठवडा कोरा. परत भरलेला, परत कोरा. हे काय?”

अजिंक्यचा चेहरा उजळला. आपल्या कामाचं कुणी विचारलं की उजळतो तसा. “ते माझ्या लक्षात आलंय. भरलेले आठवडे म्हणजे माझी फर्स्ट शिफ्ट. मी सहाला बाहेर पडतो, चारला येतो. दुपारपर्यंत मी घरात नसतो. कोरे आठवडे म्हणजे सेकंड शिफ्ट. तेव्हा मी दुपारपर्यंत घरात असतो. म्हणजे ती फक्त मला भिते. आई आणि तनुजा तिला बोलत नाहीत, म्हणून माझ्या माघारी चालतं. कंपनीत आम्ही का, का असं पाच वेळा विचारतो. मी विचारलं. घरात वास का, तर मुतते म्हणून. वाळूचा टब सोडून बाहेर का मुतते, तर लाडावली म्हणून. का लाडावली, तर तनुजाने लाडावली म्हणून. ती घरात का आली, तर तनुजाने आणली म्हणून. शेवटचं उत्तर एकच निघतं. मांजर काढा.”

“आजचा गुरुवार,” कस्तुराबाई म्हणाल्या. “आज तू सकाळपासून घरातच आहेस.”

“तेच तर! आता माझ्यासमोरसुद्धा करायला लागली. म्हणून खोकं.”

“हं,” असं म्हणून कस्तुराबाईंनी चष्मा काढला. “डॉक्टरला दाखवलंत? वारंवार बसते, थेंबथेंब करते, रक्त जातं, असं काही?”

“दोनदा तपासलं, मावशी,” तनुजा म्हणाली. “मूत तपासलं, सोनोग्राफी केली. काही नाही. वाळू तीन प्रकारची बदलली. टब मोठा आणला. बाकी दिवसभर ती वाळूतच जाते. रात्री झोपतानासुद्धा.”

“टब कुठे?”

“ड्राय बाल्कनीत. स्वयंपाकघराच्या पलीकडे, वॉशिंग मशीनशेजारी.”

“तिथलं दार?”

“उघडंच असतं. वीट लावून ठेवलीये. मी साडेसातला उठते, तेव्हा उघडंच असतं.”

कस्तुराबाई अजिंक्यच्या आईकडे वळल्या. गवराबाई चाकणजवळच्या गावातून गेल्या वर्षी लेकाकडे राहायला आल्या होत्या. खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि तोंड फुगलेलं होतं.

“गवराबाई, तुम्ही कधी दार लावता का?”

“आमी? न्हाई बया. ह्यो मलाच इचारतोय दोन म्हयनं. आये, तू दार लावलंस का. आये, तू मांजरीला हाकललंस का. मला वास येत न्हाई, करोना झाल्यापास्नं नाक मेलंय, म्हनून समदं माझ्यावर. अन् आता माझीच गोधडी नासली.”

“उठता कधी?”

“आठला. गुडघं धरल्यात. पर जाग पाचलाच येती. ह्येचा गजर हुतो ना. लै कामाचा नाद त्येला. फर्स्ट शिफ्टच्या हप्त्यात आता सुट्टीला बी पाचला उठाया लागलाय. आज बी उठला.”

“बरं, तुमच्याकडे पहाटे टीव्ही लागतो का? मी पाचला चहा घेऊन माझ्या ड्राय बाल्कनीत उभी असते. इमारतीच्या मधल्या पोकळ डक्टमधून इंग्रजी बातम्या ऐकू येतात. कधी आठवडाभर येतात, कधी आठवडाभर नाही. मला वाटलं, कुठल्यातरी मजल्यावर लावत असतील. आज पहाटेही होत्या.”

“आमच्यात न्हाई. टीव्ही माझ्या खोलीत हाय, अन् रिमोट माझ्या उशाखाली.”

अजिंक्यने पाण्याचा पेला उचलला आणि सगळा एका दमात प्यायला.

“मी बाल्कनी बघते,” कस्तुराबाई उठत म्हणाल्या.

ड्राय बाल्कनी म्हणजे एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा. डाव्या हाताला मशीन, वर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात वाळूचा टब. टब स्वच्छ होता. कस्तुराबाईंनी तरीही श्वास रोखला. मग त्या दाराशी वाकल्या.

दाराच्या खालच्या कडेला, स्वयंपाकघराच्या बाजूने, रंग खरवडलेला होता. उभ्या बारीक रेघा, वीतभर उंचीपर्यंत. काही जुन्या, काही नव्या. नव्या रेघांखाली रंगाचा भुगा अजून फरशीवर पडला होता.

“हे विमलबाई पुसत नाही का?”

“रोज पुसते,” विमलबाई म्हणाली. “रोज नवा पडतो. मेली नखं घासते. आज अजून इथं आलेच नाही मी, गोधडीतच अडकले.”

कस्तुराबाईंनी दार ओढून घेतलं आणि आतल्या बाजूने, म्हणजे बाल्कनीच्या बाजूने पाहिलं. तिथे एक कडी होती. कडी नवी, स्क्रू चकचकीत.

“ही कडी कुणी बसवली?”

“मी,” अजिंक्य मागून म्हणाला. “वाऱ्याने दार आपटतं.”

“कधी?”

“झाले असतील दोन महिने.”

मशीनवर साबणाच्या पावडरचा रिकामा डबा उभा होता. त्याच्या झाकणाला आडवी खाच कापलेली होती, बोटभर रुंद. डब्याच्या समोर, मशीन आणि भिंतीच्या मध्ये, एक प्लास्टिकचं स्टूल होतं. कस्तुराबाई त्या स्टुलावर बसल्या. नाक बरोबर वाळूच्या टबाच्या वर आलं. त्या ताडकन उठल्या.

“इथे बसून माणूस काय करणार?” त्या पुटपुटल्या. “हौस म्हणून तर कुणी बसणार नाही.”

एक वाजला होता. तनुजा पुनःपुन्हा घड्याळ बघत होती आणि खोक्यावर हात ठेवून उभी होती. अजिंक्यने मोटरसायकलची चावी खिशात टाकली. “मावशी, निघायला हवं. माणसाला कुठेतरी थांबावं लागतं.”

“बस,” कस्तुराबाई म्हणाल्या. “मला दहा मिनिटं दे. त्यानंतर तुला खोकं न्यावंसं वाटलं, तर मी स्वतः खाली आणून देते.”

त्या बोलल्याच अशा, की अजिंक्य बसला. गवराबाईंनी पाय खाली घेतले. विमलबाई झाडू हातात घेऊनच दारात उभी राहिली.

“तुझा तक्ता चांगला आहे, बाळा,” कस्तुराबाईंनी सुरुवात केली. “पण त्यात एक चूक आहे आणि ती पहिल्या ओळीपासून आहे. तू वेळ लिहिलीस ती सापडल्याची. झाल्याची नाही. कंपनीत एखादा भाग अकराला खराब सापडला, म्हणजे तो अकरालाच खराब झाला का?”

अजिंक्यने फ्रिजवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

“साडेदहा-अकरा ही मांजरीची वेळ नाही. ती विमलबाईच्या झाडूची वेळ आहे. ती रजेवर होती तेव्हा संध्याकाळ झाली. मांजरीने वेळ बदलली नव्हती, झाडणारं माणूस बदललं होतं. त्या गोधडीच्या कडा वाळल्या आहेत आणि वास डोळ्यांत जातोय. ताज्या मुताचा वास असा नसतो. मी एकोणतीस वर्षं हाच घाणेरडा धंदा केलाय, मला शिकवू नका. हे पाच-सहा तासांपूर्वीचं आहे. म्हणजे पहाटे पाच-साडेपाचचं.”

“पहाटे?” तनुजा म्हणाली.

“पहाटे. आता तक्ता पुन्हा वाच. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात घाण होते, सेकंडच्या आठवड्यात नाही. हा म्हणतो, मी घरात नसतो म्हणून. पण पहाटे पाचला हा घरातच असतो. आज दिवसभर घरात आहे, तरी झालं. मग सगळ्या सतरा दिवसांत सारखं काय? हा घरात नसणं नव्हे. याचं पाचला उठणं.”

गवराबाईंनी मान वर करून लेकाकडे पाहिलं.

“मांजर रात्री हॉलमध्ये झोपते. याचा गजर वाजला की तीही जागी होते. जाग आली की तुम्हाआम्हाला जायचं असतं, तसं तिलाही जायचं असतं. ती वाळूकडे जाते. दार बंद! दाराला आतून कडी. ती खरवडते. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत? स्वयंपाकघराच्या. म्हणजे तिला बाहेर पडायचं नव्हतं, आत जायचं होतं. रोज खरवडते, रोज भुगा पडतो. कुणी उघडत नाही. मग ती आपली एक कोपरा शोधते. बंद, अंधारा, कुणाच्या पायात न येणारा. तिला काय कळणार त्यात कांदे आहेत की गोधडी! साडेसातला तनुजा उठते, तेव्हा दार उघडं असतं, वीट जागेवर असते. सगळं कसं नीट!”

“दार मीच...” अजिंक्यने तोंड उघडलं आणि मिटलं.

“तुझ्या तक्त्यात ‘घरात कोण’ असा रकाना आहे. आई लिहिलीस, तनुजा लिहिलीस, विमलबाई लिहिलीस. स्वतःला एकदाही लिहिलं नाहीस. तपासणाऱ्याला वाटतं आपण तक्त्याच्या बाहेर. अजिंक्य, कडी तू बसवलीस. तेव्हापासूनच हे सुरू झालं. आत तू असतोस.”

तनुजाचा हात खोक्यावरून निघाला. ती नवऱ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. “पहाटे पाचला,” ती हळू म्हणाली. “कडी लावून. कुणाशी बोलतोस?”

“तसं काही नाही.”

“मग कसं आहे? डब्याला खाच केली आहेस ती फोन ठेवायला ना? कोण आहे?”

“तनू, खरंच नाही कुणी.”

“कुणी नाही, मग दोन महिने आईंना का बोलत होतास? मला का बोलत होतास?”

अजिंक्यने मान खाली घातली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कस्तुराबाईंना त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला.

“तू सांगतोस की मी सांगू?” त्यांनी विचारलं. तो मान वर करेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, “बाई नाहीये, तनुजा. मी पहाटे ऐकतेय त्याला, वरून. मला वाटायचं बातम्या लागल्यात. पण बातम्या देणारा एकच वाक्य पाच-पाच वेळा म्हणतो का? मध्येच अडकून पहिल्यापासून सुरू करतो का? तुझा नवरा पहाटे त्या मशीनसमोर बसून इंग्रजी बोलायला शिकतोय.”

बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत गेला. 

“ऑनलाइन क्लास आहे,” अजिंक्य अखेर म्हणाला. जमिनीकडे बघूनच. “पाच ते पावणेसहा. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात निघायच्या आधी, दुपारी बाराचा लावतो, तू ऑफिसला असतेस, आई झोपलेली असते, म्हणून बेडरूममध्ये बसतो. फर्स्टला दुसरी जागा नाही.” तो उठून उभा राहिला. “मे महिन्यात परदेशी गिऱ्हाइकांची मीटिंग होती. आकडे माझे, तपासणी माझी. मी उभा राहिलो आणि एक शब्द फुटला नाही. शेवटी दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलाने माझे कागद घेऊन सगळं वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही, पण मला कळायचं ते कळलं.”

“मला का नाही सांगितलंस?” तनुजाने विचारलं.

“तू दिवसभर फोनवर इंग्रजीत बोलतेस. फाडफाड. माझं ऐकून तू...”

“हसले असते?”

त्याने हळूच मान डोलावली.

“मांजर खरवडते ते ऐकू यायचं तुला?” आता तिचा आवाज वेगळाच झाला होता.

“यायचं. मी आतून शुक शुक करायचो. मला वाटायचं, मस्ती करतेय.”

“आणि नंतर घाण सापडायची. तेव्हाही डोक्यात आलं नाही?”

“अकराला सापडायची ना. मला वाटलं, सकाळच्याचा काय संबंध. खरंच, तनू. मी मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम नाही, मान्य,” तनुजा म्हणाली. “पण मला किळस येतेय, अजिंक्य. या वासाची नाही. माझ्यासमोर तुझी चार वाक्यं चुकली असती, तर काय झालं असतं? मी दुरुस्त केली असती. ती चार वाक्यं लपवायला तू कडी लावलीस, आईंना खोटं पाडलंस, आणि एक मुका जीव ट्रकांमध्ये टाकायला निघालास. पट्टीने रेघा मारून!”

“मला म्हनत हुता, आये तुझं ध्यान नसतं,” गवराबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या. “म्या कुनाला सांगू? मला वाटलं, खरंच माझ्याच हातनं काय हुतंय. म्हातारपन आलं, इसरत आसंल. रातीला उठून दार बघून यायची मी.”

हे ऐकून मात्र अजिंक्य मोडला. बायकोचं बोलणं त्याने उभ्याने ऐकलं होतं, आईचं ऐकताना खाली बसला. “आई, चुकलं माझं,” तो म्हणाला. दोनदा म्हणाला. गवराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग तो उठला आणि टेबलाकडे गेला. निळी पट्टी त्याने स्वतःच गुंडाळली होती, चार-चार वेढे, आणि ती सुटेना. त्याने नखाने उचकटली, शेवटी दाताने तोडली. खोकं उघडलं.

ठमी लगेच बाहेर आली नाही. आधी कान आले, मग डोळे. दोन तास त्या अंधारात बसून तिच्या अंगावरचे केस चिकटले होते. मग तिने एकच उडी मारली. सगळ्यांना वाटलं ती दिवाणाखाली लपणार. पण ती कुणाकडेही न बघता, पोट जमिनीला लावून, स्वयंपाकघरातून थेट ड्राय बाल्कनीत पळाली. दार उघडं होतं.

वाळूवर आवाज सुरू झाला. बराच वेळ चालला. गवराबाई, तनुजा, अजिंक्य, झाडू धरलेली विमलबाई, सगळी माणसं आपापल्या जागी उभी राहून तो ऐकत होती. दोन तास खोक्यात होती, तरी आत तिने एक थेंब सोडला नव्हता. पुठ्ठा कोरडा होता. अजिंक्यने हात फिरवून पाहिला आणि हात तसाच खोक्यात ठेवून उभा राहिला.

मग तो ताजा, कडक वास हळूहळू हॉलमध्ये आला. घरच्यांपैकी कुणीच नाक धरलं नाही.

कस्तुराबाईंनी मात्र पदर लावला. “बास झालं,” त्या म्हणाल्या. “अजिंक्य, ती गोधडी उचल आणि गच्चीवर नेऊन धू. हाताने. मशीनमध्ये टाकलीस तर तुझ्या शर्टांनाही हाच वास मारेल. मला आता ओकारी येतेय, मी निघते.”

अजिंक्यने गोधडी छातीशी धरून उचलली, दाराबाहेर पडला आणि जिन्यात पोहोचण्याआधीच त्याला कोरडा उमासा आला.